जुन्या जीपच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग घरी बदलताना

विलिस या अमेरिकी कंपनीच्या सीजे-३बी घडणीची तुमची १९८८ सालची फोर-व्हील-ड्राइव्ह जीप गेल्या पावसाळ्यापासून ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेली की पुढच्या डाव्या बाजूने घरघरते आणि उजव्या वळणावर ही घरघर वाढते, असे तुम्ही लिहिले आहे. चाकाचे बेअरिंग गेले असेल तर ते संगमेश्वरजवळच्या घरी, अंगणात, स्वतःच्या हाताने बदलता येईल का, हा तुमचा प्रश्न आहे. येईल. या जीपच्या पुढच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) टेपर, म्हणजे तिरक्या रोलरांची, बेअरिंग्ज असतात आणि ती बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागत नाही. या कामाला ताकदीपेक्षा स्वच्छता जास्त लागते, आणि शेवटचा नट किती आवळायचा याचा अंदाज लागतो. घरी बसवलेले बेअरिंग वर्षाच्या आत परत ओरडू लागल्याची जी उदाहरणे माझ्याकडे आली, त्यांत दोष जवळजवळ दर वेळी या दोहोंपैकी एका ठिकाणी सापडला. म्हणून उत्तर लांबले तरी या दोन गोष्टी मी सविस्तर सांगणार आहे.

आधी दोष बेअरिंगचाच आहे याची खात्री करून घ्या. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, त्यामुळे तुमचा अंदाज बरोबर दिशेने आहे, पण खडबडीत झिजलेला टायरही असाच घुमतो. फरक असा की टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, डांबरावर एक आणि सिमेंटवर दुसरा, तर बेअरिंगची घरघर रस्त्याला जुमानत नाही, ती फक्त वेगाबरोबर चढते-उतरते. मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रल करून इंजिनचे फेरे उतरू द्या. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच सुटले. मग चाक उचलून वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ड्रम बॅकप्लेटशी बांधला जातो, त्यामुळे खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगमधला होता, आणि तसाच राहिला तर किंगपिनच्या (चाक ज्यावर वळते त्या खिळीच्या) बेअरिंगमधला किंवा स्टीअरिंगच्या सांध्यातला. या परीक्षेला दोन मिनिटे लागतात, आणि ती न केल्यामुळे हब विनाकारण उघडलेले मी अनेकदा पाहिले आहेत. शेवटी एक हात पुढच्या पाट्यावर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी तळहाताला कळते. फ्री-व्हीलिंग हब (चाक शाफ्टपासून सोडवता येणारा) नसेल तर तुमच्या जीपमध्ये पुढचा ॲक्सल शाफ्ट टू-व्हीलमध्येही चाकाबरोबर फिरत राहतो, म्हणून नकलमधला (स्टीअरिंगबरोबर वळणाऱ्या भागातला) सांधा झिजला असला तरी आवाज त्याच कोपऱ्यातून येतो. मात्र तो सांधा स्टीअरिंग पूर्ण वळवले की कटकट करतो, त्याचा आवाज एकसारखी घरघर नसतो.

जॅक लावण्याआधी जमीन पाहा. कोकणातले अंगण वरून कडक दिसते, पण पावसानंतर जॅकचा पाय त्यात हळूहळू रुतत जातो, म्हणून जॅकखाली जाड फळी आणि ॲक्सलखाली लोखंडी स्टँड हे दोन्ही हवेतच. नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. या घडणीच्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या बाजूला असतो आणि तो मागचा प्रोपेलर शाफ्ट धरून ठेवतो. मागचे एक जरी चाक जमिनीवरून उचलले गेले तरी डिफरेन्शियलमुळे हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. तुम्ही पुढचे चाक उचलणार आहात हे खरे, पण ही गोष्ट पुढेही लक्षात राहू द्या.

आता चाक काढताना डाव्या बाजूची एक खूण तपासा. या घराण्यातील अनेक जुन्या जीपमध्ये डाव्या चाकांच्या स्टडना उलटे आटे असतात आणि स्टडच्या किंवा नटच्या डोक्यावर इंग्रजी ‘एल’ कोरलेला असतो. ही खूण असेल तर नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सुटेल. पाईप लावून नेहमीच्या दिशेने जोर करणारा माणूस तो नट आणखी आवळत जातो आणि शेवटी स्टड मोडतो.

चाक उतरल्यावर ब्रेक ॲडजस्टर सैल करा, म्हणजे ड्रम शूला घासणार नाही. ड्रममधली काळी भुकटी हवेने किंवा फुंकून उडवू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात जाणे घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाका. मग हबची टोपी, शाफ्टच्या टोकाचा नट किंवा सर्क्लिप, आणि सहा बोल्टचा ड्राइव्ह फ्लँज काढा. फ्लँजमागे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतील तर त्या मोजून त्याच क्रमाने बाजूला ठेवा. आत बाहेरचा लॉकनट, दुमडलेला लॉकवॉशर, आतला ॲडजस्टिंग नट आणि जिभेचा थ्रस्ट वॉशर या क्रमाने भाग निघतील. या नटांना २ १/८ इंची, म्हणजे सुमारे ५४ मिलिमीटरचा बॉक्स पाना लागतो. पाना नाही म्हणून छिन्नी-हातोड्याने नट फिरवण्याची पद्धत सर्रास आहे, आणि मी ती माझ्या गॅरेजात कधीच चालू दिली नाही. छिन्नीने नटाचे कोपरे जातात, त्याच्या कचऱ्याचे कण ग्रीसमध्ये पडतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे नट किती आवळला गेला हे हाताला कळतच नाही. पाना आधी मिळवा आणि काम नंतर सुरू करा.

हब बाहेर ओढताना बाहेरचे बेअरिंग मातीत पडू नये म्हणून अंगठ्याने दाबून ठेवा. आतले बेअरिंग ऑइल सीलच्या मागे हबमध्येच राहील. सील उचकटून ते काढा. दोन्ही बेअरिंग्ज रॉकेलमध्ये धुऊन वाळू द्या. वाळवताना कॉम्प्रेसरच्या हवेने रोलर गरगर फिरवण्याचा मोह टाळा. कोरडे बेअरिंग त्या वेगाला खरवडले जाते आणि पिंजरा तुटून रोलर गोळीसारखे उडू शकतात.

या टप्प्यावर थांबा आणि जुने बेअरिंग उजेडात नीट पाहा. बहुतेक लोक ते भंगारात टाकून नव्याचे खोके फोडतात. मी मात्र शिकाऊ मुलांना आधी जुने वाचायला लावत असे, कारण ते का गेले हे कळले नाही तर नवेही त्याच वाटेने जाते. रोलर आणि कप (बेअरिंगची हबमध्ये बसणारी बाहेरची कडी) यांचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा करडा, निस्तेज, बारीक ओरखड्यांचा झाला असेल तर ग्रीसमध्ये धूळ होती. रोलरांमधल्या अंतरावर, पट्ट्यापट्ट्यांनी काळे किंवा तांबूस चट्टे आणि खड्डे असतील तर आत पाणी शिरले आणि गाडी उभी असताना ते रोलरच्या कडेला साचून राहिले. पोलादाचे पापुद्रे निघाले असतील तर त्याचे आयुष्य भरले, किंवा त्याने सोसण्यापलीकडचा भार वाहिला. निळसर किंवा पिवळसर तपकिरी छटा म्हणजे उष्णता: ग्रीस संपले होते किंवा नट फार आवळला होता. कपची बाहेरची बाजू आरशासारखी घासून चकचकीत झाली असेल तर कप हबमध्ये फिरत होता, आणि हे लक्षण सर्वांत गंभीर आहे, त्याच्याकडे मी पुन्हा येईन.

तुमच्या बेअरिंगवर पाण्याचे चट्टे दिसतील असा माझा अंदाज आहे. चालून तापलेला हब पऱ्यातल्या किंवा फरशीवरच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढले जाते. संगमेश्वर भागात पावसाळाभर गाडी वापरणाऱ्याला हे चुकवणे अवघड आहे. ग्रीस दुधाळ, फिकट झालेले दिसले तर हेच घडले आहे. उलट ग्रीस पातळ होऊन त्याला गिअर ऑइलचा वास येत असेल तर डिफरेन्शियलचे तेल आतल्या ॲक्सल सीलवरून नकलमध्ये आणि तिथून हबमध्ये उतरते आहे. तसे असेल तर ते सीलही बदलावे लागेल, नाहीतर नवे ग्रीस महिन्याभरात धुऊन जाईल आणि तेल ब्रेक शूवर येईल.

नवे बेअरिंग घेताना जुन्यावरचा क्रमांक वाचूनच घ्या. या घराण्यात दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपपासून पुढच्या चाकात आत आणि बाहेर एकच जोडी वापरली गेली आहे: कोन (रोलरांसह आतला भाग) १८५९० आणि कप १८५२०, आतला व्यास ४१.२७५ मिलिमीटर, बाहेरचा ७३.०२५ मिलिमीटर. तरीही इतक्या जुन्या गाडीत मधल्या मालकाने ॲक्सल बदललेला असू शकतो. कोन आणि कप नेहमी एकाच कंपनीचे आणि एकत्रच बदला. जुना कप चांगला दिसतो म्हणून त्यात नवा कोन फिरवणे ही खोटी बचत आहे; जुन्या कपचे न दिसणारे खड्डे नव्या रोलरवर उमटतात. बनावट माल फार आहे, म्हणून अधिकृत वितरकाकडूनच खरेदी करा. किंमत संशय यावा इतकी कमी असेल तर दुकान बदला.

जुना कप हबच्या विरुद्ध बाजूने पितळी पंच लावून, आळीपाळीने समोरासमोर टोके मारत काढा. एकाच बाजूला मारत राहिलात तर तो तिरका होऊन हबचे बोअर ओरबाडेल. नवा कप बसवण्यासाठी माझी पद्धत अशी आहे: कप प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावा, हब दुपारच्या उन्हात तापू द्यावा, आणि जुन्या कपचा बाहेरचा व्यास ग्राइंडरवर थोडा उतरवून तोच ठोकण्याची रिंग म्हणून वापरावा. व्यास उतरवला नाही तर जुना कपही आत अडकून बसेल. थंड कप अर्धा तर हातानेच जातो, आणि उरलेला सरळ टोक्यांनी. तो खांद्याला टेकला की टोक्याचा पोकळ आवाज एकदम भरीव होतो. त्या आवाजावरही पूर्ण विसंबू नका. पातळ फीलर गेज (फट मोजायची पट्टी) कप आणि खांद्याच्या मध्ये कुठेही शिरता कामा नये. कप केसभरही वर राहिला तर तुम्ही नट कितीही काळजीपूर्वक लावा, पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये कप खाली बसेल आणि चाक सैल होईल.

चकचकीत झालेल्या कपकडे आता परत येतो. नवा कप हबमध्ये नुसत्या बोटाच्या दाबाने जात असेल तर हबचे बोअर झिजले आहे. अशा वेळी बोअरमध्ये सेंटर पंचने टिंब मारून कप घट्ट करण्याचा जुगाड रस्त्याकडेला सगळीकडे चालतो. ती टिंबे थोड्याच दिवसांत चपटी होतात, कप पुन्हा फिरू लागतो, आणि या वेळी बोअर दुरुस्तीपलीकडे गेलेले असते. हब बदला; पुढच्या चाकाच्या बाबतीत इथे तडजोडीला जागा नाही. हीच कसोटी स्पिंडलला, म्हणजे हब ज्या स्थिर आसावर बसतो त्यालाही लावा. कोन त्यावर हाताने सरकला पाहिजे, पण डगडगता कामा नये. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे खाच पडली असेल तर नवे सीलही गळेल.

ग्रीस हा लोकांना किरकोळ वाटणारा विषय आहे. चाकाच्या बेअरिंगला लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस लावा. चेसिसचे स्वस्त कॅल्शियम ग्रीस पाण्याला चांगले टिकते, पण सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच पातळ होऊन वाहू लागते, आणि घाटातला लांब उतार ब्रेक धरून उतरल्यावर ड्रम आणि त्याला जोडलेला हब यांना ती मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. साध्या लिथियम ग्रीसची हीच मर्यादा १८० अंशांच्या पुढे असते. दोन जातींची ग्रीसे एकमेकांत मिसळू नका, म्हणजेच हबमधले जुने ग्रीस शेवटच्या कणापर्यंत काढा. भरताना डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, रोलरांच्या मधून वरच्या बाजूला ग्रीसचे किडे बाहेर येईपर्यंत. मग बेअरिंग थोडे फिरवून पुढचा भाग. बाहेरून चोपडलेले ग्रीस आत जात नाही. हबच्या पोकळीत मात्र ते काठोकाठ भरू नका. कपांच्या मध्ये साधारण निम्मी जागा मोकळी ठेवा, कारण दाबून भरलेले ग्रीस घुसळून तापते आणि सीलमधून ब्रेकवर येते. हे सगळे काम स्वच्छ कागदावर, हात साबणाने धुऊन करा. अंगणातला लाल मातीचा चिमूटभर कणही बेअरिंगसाठी पॉलिश पेपरसारखा आहे, आणि वारा असेल तर हे काम घरात न्या.

आतले बेअरिंग हबमध्ये ठेवून नवे सील स्प्रिंगची बाजू ग्रीसकडे करून लाकडी ठोकळ्याने सपाट बसवा आणि ओठाला ग्रीस लावा. हब स्पिंडलवर सरळ सरकवा, तिरका गेला तर आट्यांवर नव्या सीलचा ओठ फाटतो. मग बाहेरचे बेअरिंग आणि थ्रस्ट वॉशर. या वॉशरची जीभ स्पिंडलच्या खाचेत बसलीच पाहिजे. बेअरिंगचे फिरणे नटपर्यंत पोचू न देणे एवढेच तिचे काम आहे, आणि ती मोडकी असेल तर नट चालता चालता आपोआप घट्ट किंवा सैल होतो.

आता नट. टेपर बेअरिंगची कल्पना हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये घोडागाडीच्या आसासाठी पेटंट केली, आणि तिचा गुण तोच तिचा धोकाही आहे: रोलर तिरके असल्यामुळे ते उभा आणि आडवा दोन्ही भार घेतात, पण त्यांच्यामधली फट तुमच्या हातातल्या पान्यावर ठरते. ॲडजस्टिंग नट आवळताना हब दोन्ही दिशांना सतत फिरवत राहा, म्हणजे रोलर आपापल्या जागी टेकतील. हब जड होऊन अडखळू लागेपर्यंत आवळा आणि मग नट एक षष्ठांश फेरा, म्हणजे षटकोनी नटाची बरोबर एक बाजू, मागे घ्या. हब मोकळा फिरला पाहिजे आणि चाक वर-खाली हलवल्यावर खेळ असून नसल्यासारखा वाटला पाहिजे. डायल गेज मिळाले तर स्पिंडलच्या दिशेने होणारी हालचाल ०.०२५ ते ०.१३ मिलिमीटरमध्ये ठेवा. खेळ शून्य का नको, असे नेहमी विचारले जाते. गाडी चालू झाली की बेअरिंग तापून भाग प्रसरण पावतात आणि ही फट त्यात भरून निघते. थंड असतानाच ती शून्य ठेवली तर तापल्यावर रोलर चेपले जातात.

मी काम शिकत होतो तेव्हा ‘सैल राहण्यापेक्षा घट्ट बरे’ या समजुतीने एका जीपचा नट मी आवळूनच ठेवला होता. आंबा घाट उतरताना तिच्या हबमधून धूर निघाला. कोन निळा पडून स्पिंडलला असा चिकटला होता की तो छिन्नीने फोडून काढावा लागला आणि स्पिंडलही बदलावे लागले. चाक सुटले नाही आणि कोणाला इजा झाली नाही, पण ती गाडी माझ्या हातून गेली होती हे मी विसरलेलो नाही. थोडा सैल नट तुम्हाला आवाजाने इशारा देतो. फार घट्ट नट काहीच सांगत नाही.

यानंतर नवा लॉकवॉशर आणि लॉकनट लावा. लॉकनट आवळताना आतला नट आट्यांमधल्या फटीपुरता सरकतो आणि तुमचे सगळे माप बदलते. म्हणून लॉकनट घट्ट केल्यावर खेळ पुन्हा तपासा, बिघडला असेल तर सगळे सोडून परत लावा, आणि समाधान झाल्यावरच वॉशरची कड नटवर दुमडा. मला आजही यासाठी कधीकधी दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. मग शिम, फ्लँज, सर्क्लिप, टोपी, ब्रेक ॲडजस्टर आणि चाक. पाच किलोमीटर चालवून या, उतरताना ब्रेक कमीत कमी वापरा, आणि दोन्ही पुढच्या हबना हात लावून पाहा. डावा हब उजव्यापेक्षा थोडा कोमट असेल तर चालेल, पण हात ठेवता येत नसेल तर नट पुन्हा उघडा. ५० किलोमीटरनंतर चाकाचे नट, आणि ५०० किलोमीटरनंतर बेअरिंगचा खेळ एकदा तपासा.

हे सगळे पुढच्या चाकांपुरते आहे. सीजे-३बी घडणीच्या मागच्या ॲक्सलमध्ये हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीने बसवलेला असतो, तो काढायला भारी पुलर लागतो, बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेले असते आणि खेळ शिमांनी जुळवावा लागतो. ते काम घरी करू नका. तुमच्याकडे पुढे-मागे मारुती ८०० सारखी गाडी आली तर तिच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेले असते हेही लक्षात ठेवा. तिथे नकल उतरवण्याचे काम तुम्ही करावे आणि बेअरिंग प्रेस असलेल्या वर्कशॉपमधून बसवून आणावे. हातोड्याने बसवलेल्या अशा बेअरिंगच्या छर्ऱ्यांचे व्रण पहिल्याच दिवशी कडीवर उमटतात.

उजव्या चाकाचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते पऱ्यातून तितक्याच वेळा गेलेले आहे. डावे पूर्ण झाल्यावर दुसऱ्या दिवशी उजवा हब उघडा, धुवा आणि वाचा. चट्टे नसतील तर त्याच बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरून फक्त सील आणि लॉकवॉशर बदला, आणि काढलेला प्रत्येक कोन त्याच्याच कपमध्ये परत जाईल याची काळजी घ्या. आतले आणि बाहेरचे एकाच क्रमांकाचे असल्यामुळे त्यांची अदलाबदल फार सहज होते, म्हणून काढतानाच एकाला दोरा बांधून ठेवा.